दोन माणसांनी उचलायचं मशीन

हे सगळं घडलं ते साल एकोणीसशे चौऱ्याहत्तर. गडमुडशिंगीच्या शिवारात त्या वर्षी ऊस मातला होता आणि हात मिळत नव्हते. जवान माणसं कारखान्याच्या तोडीला, नाहीतर कोल्हापूरच्या फौंड्र्यांत गेली होती. ज्यांची गुऱ्हाळं घरची होती, त्यांच्या लेकीसुना दिवाळीपासून चुलवाणापुढं बसल्या होत्या.

आकाराम चौगुल्यांच्या गुऱ्हाळावर जाळ घालायचं काम आदल्या सालापासूनच त्यांच्या लेकीकडं होतं. तिचं नाव सरोजिनी. शाळेतल्या बाईंनी हे नाव पटावर घातलं होतं. घरात आणि गावात ती सरूच होती. कुरुंदवाडला दिलेली. चार वर्षं नांदली, कूस उजवली नाही, नवऱ्यानं दुसरी आणली आणि हिला एका दुपारी ट्रंकेसकट माहेरच्या बसमध्ये बसवून दिलं. त्याला आता तीन वर्षं झाली होती. सरू पंचवीस वर्षांची होती.

पहाटे चरक सुरू झाला की ती चुलवाणाच्या खड्ड्यात उतरायची आणि वाळलेली चिपाडं मुठीमुठीनं काहिलीखाली सारायची. वर रस उकळायचा, खाली तिचं तोंड भाजायचं. भुवयांचे केस करपून गेले होते. चिपाडाच्या कडांनी बोटांना बारीक चिरा पडायच्या आणि त्यात राख बसायची. दुपारी भाऊ, सयाजी, तिच्या जागी बसला की ती न्हाणीत जाऊन हात राखेनंच घासायची, खोबरेल लावायची, धुवट पातळ नेसायची आणि अडीचच्या बसनं कोल्हापूरला टायपिंगच्या क्लासला जायची.

क्लास बिंदू चौकाच्या अलीकडं एका माडीवर होता. तिथं आठ मशीनं आणि शाळेतनं थेट आलेल्या, बोटांची नखं गुलाबी असलेल्या पोरी. क्लास चालवणारे त्र्यंबकमास्तर साठीचे होते, काळी टोपी घालायचे आणि डोळे मिटून नुसत्या आवाजावरून कुणाचं बोट चुकलं ते सांगायचे. सरूचं बोट फारसं चुकायचं नाही. चिरांना कळा झोंबायच्या, पण एकदा हात सुरू झाले की तिला जाळाचा, घराचा, कुरुंदवाडचाही विसर पडायचा. मराठी तीसची, म्हणजे मिनिटाला तीस शब्दांची, परीक्षा ती पहिल्या झटक्यात पास झाली.

निकालाच्या दिवशी मास्तरांनी तिला थांबवून घेतलं.

"सरोजिनीबाई, शाहूवाडीला मामलेदार कचेरीसमोर माझा मेहुणा बसतो. गणपतराव. अर्ज लिहून देतो लोकांना. त्याचा हात आता कापतो. त्याला टायपिस्ट हवी आहे, पण मशीन स्वतःचं असलेली. राहायला त्याच्याच घरात खोली आहे, माझी बहीण आक्का तिथं आहे. तुमच्या वडिलांना घेऊन या. मी बोलतो."

सरूनं बसमध्ये डोळे मिटले तर तिला शाहूवाडी दिसायला लागली. ती तिनं कधी पाहिली नव्हती. भाताची खाचरं आणि डोंगर, एवढंच ऐकलेलं. तिथं तिला कुणी ओळखत नव्हतं, टाकलेली म्हणून तर नाहीच नाही. एवढ्या एका गोष्टीसाठी तिला ते गाव हवंहवंसं झालं.

आणि मशीनही तिनं कधीच बघून ठेवलं होतं. लक्ष्मीपुरीतल्या दुकानाच्या काचेत एक छोटं, फिक्या हिरव्या रंगाचं मशीन होतं, मराठी कळांचं. झाकण लावलं की त्याची पेटी व्हायची आणि पेटीला चामड्याची मूठ. क्लास सुटल्यावर ती वाट वाकडी करून तिथं जायची आणि काचेबाहेर उभी राहायची. आत जायचं धाडस नव्हतं. एका हातात ती पेटी, दुसऱ्या हातात पिशवी, अशी ती मनातल्या मनात कितीदा तरी एस.टी.त चढली असेल.

घरी तिनं आईला सांगितलं. आई, झुंबरबाई, कंबरेनं वाकलेली, पण जिभेनं सरळ. रात्रीच्या भाकरी थापताना ती नवऱ्याला म्हणाली, "दोन सालं झाली पोरगी जाळापुढं बसतीया. परक्याला ठेवला आसता तर त्यानं रोजगार घितला आसता का न्हाई? ह्या गुळाच्या पट्टीतनं तिला मशीन घिऊन द्या."

आकाराम जेवत होते. अंगानं आडवे, बोलायला तुटक. गावात बैल घ्यायचा म्हटलं की लोक त्यांना बरोबर न्यायचे.

"घिऊया की," ते म्हणाले. "म्या न्हाय कवा म्हटलं?"

"आन शाहूवाडीचं?" सरूनं चुलीआडून विचारलं.

"बघू."

त्यांचं बघू म्हणजे काय ते तिला कळेना. पण मशीन मिळणार, एवढ्यावर तिला भाकरी गोड लागली.

अडत्याकडनं गुळाच्या पैशाची पट्टी हातात आली त्याच्या दुसऱ्या दिवशी आकारामांनी पटका बांधला, कोल्हापुरी पायताणं पुसली आणि लेकीला घेऊन निघाले. ठरल्याप्रमाणं मास्तर दुकानापाशी उभेच होते. आकारामांनी त्यांना रामराम केला, पण दुकानात पहिला पाय स्वतः टाकला.

"या पावणं," दुकानदार म्हणाला. "काय दाखवू? मुलाला पाहिजे का?"

"लेकीला," आकाराम म्हणाले. आवाज नेहमीपेक्षा मोठा होता. "लेक पास झालीया मराठीत. दावा, काय काय हाय ते."

दुकानदारानं चार मशीनं दाखवली. मास्तरांनी घसा साफ केला. "आकारामपंत, मी एक सुचवतो. मशीन घेताना आधी आपलं काम काय ते पाहावं. एका जागी बसून मोठे तक्ते काढायचे असतील तर मोठं घ्यावं. रोज ने-आण करायची असेल, अर्जच टाइप करायचे असतील, तर हे छोटं पुरेसं आहे. कळ हलकी आहे, हात दुखत नाही. सरोजिनीबाईंना शाहूवाडीला हेच सोयीचं."

सरूनं वडिलांकडं पाहिलं. चार माणसांत, दुकानात, बापाच्या आधी बोलायची तिच्या घरात रीत नव्हती. ती छोट्या मशीनच्या बाजूला सरकली, एवढंच.

आकारामांनी एकेका मशीनला पुरती फेरी घातली. वाकून खाली पाहिलं. कळ दाबली की आतून अक्षराची दांडी उठते, ती दोन बोटांत धरून हलवून बघितली. "दात घट हायत," असं स्वतःशीच पुटपुटले. मग विचारलं, "वय काय हेचं?"

"मोठ्याचं? आठ वर्षं. एका संस्थेत होतं. नीट वापरलेलं आहे."

"आन ह्ये बारकं?"

"कोरं आहे."

"म्हंजे अजून जुपलेलंच न्हाई." आकारामांनी छोटं मशीन एका हातानं उचललं आणि परत ठेवलं. "ह्ये कोंबडीवानी हाय, मास्तर. काखंत मारून कुनीबी न्हील."

"अहो, न्यायलाच तर आहे ते," मास्तर म्हणाले.

आकाराम हसले नाहीत. ते त्या मोठ्या मशीनपुढं उभे राहिले. काळं, लोखंडी, हातभर लांब रूळ असलेलं. लांबरुंद तक्ते काढायला केलेलं. दोन्ही हातांनी त्यांनी ते उचलायला घेतलं आणि अर्ध्यावरच ठेवलं. "ह्येला म्हनायचं वजन. गुळाच्या रव्याला थोडं कमी आसंल. ह्येला कोन हलवतंय?"

मग त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, आपल्या उजव्या हातावर पसरला आणि तो हात दुकानदारापुढं केला. बैलबाजारात सौदा असाच होतो, टॉवेलाखाली, बोटं दाबून. दुकानदार लक्ष्मीपुरीतला, त्याला काही समजेना. त्यानं गोंधळून टॉवेलाखाली हात घातला आणि आकारामांशी नुसतंच हस्तांदोलन केलं. गल्ल्यावरचा माणूस फिस्सकन हसला. सरूला वाटलं, जमीन दुभंगावी. पण वडिलांच्या कानाची पाळी लाल झालेली तिला दिसली, आणि मग तिला वाटलं की त्या हसणाऱ्याच्या एक कानाखाली द्यावी.

किंमत शेवटी तोंडानंच ठरली.

मोठं मशीन दुकानातल्या दोन हमालांनी उचलून गाडीअड्ड्यावर आणलं आणि गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, उतरवून परत निघालेल्या गावच्या बैलगाडीत ठेवलं. मास्तर पायरीवर उभे होते. त्यांनी सरूकडं पाहिलं आणि हळूच म्हणाले, "कळ जड आहे हो ह्याची. सांभाळून."

गाडी घरी पोचली तेव्हा दिवस मावळत होता. सयाजी आणि गाडीवान, दोघांनी मिळून मशीन सोप्यात, पुढच्या ओसरीत, आणलं, धान्याच्या कणगीशेजारच्या चौरंगावर ठेवलं. झुंबरबाईनं हळदकुंकू वाहिलं. मग ती नवऱ्याकडं बघून म्हणाली, "उचलायला दोन मानसं लागली."

"व्हय."

"आन पोरीला शाहूवाडीला जायाचं होतं."

आकारामांनी पटका काढून खुंटीला लावला. "हितं काय कमी हाय तिला? हितं बसून लिवावं. लोकं येतील. बापाच्या सोप्यात बसलेल्या पोरीला कोन काय म्हनतंय?"

सरूनं मशीनवर एक जुनं धोतर पांघरलं आणि जाऊन भाकरी करायला बसली.

माणसं मात्र खरंच आली. पहिल्यांदा दूध संस्थेचा चेअरमन आला, मग सरकारी तगाई कर्ज मागणारे, मग सातबाऱ्यावर नाव लावायचं असलेले. गावात टाइप केलेला कागद म्हणजे सरकारी कागद. सकाळी जाळ, दुपारनंतर मशीन, असा सरूचा दिवस झाला. क्लास संपला होता. कोल्हापूरचं जाणं थांबलं.

येणारा माणूस सोप्यात टेकायचा आणि तिच्याशी न बोलता आकारामांशी बोलायचा.

"आकारामतात्या, लिवा म्हनावं, की माझ्या हिरीचं पानी शेजाऱ्यानं वढलं."

आकाराम तेच लेकीला परत सांगायचे. "लिव. हिरीचं पानी शेजाऱ्यानं वढलं."

तीन हातांवर बसलेल्या सरूनं ते पहिल्याच वेळी ऐकलेलं असायचं. पण रीत म्हणून ती वडिलांचं ऐकून मग कळ दाबायची. वडील शेजारी घोंगड्यावर बसून राहायचे. लिहिता-वाचता त्यांना येत नव्हतं, अंगठा करायचे. पण रूळ डावीकडं सरकत जातो, घंटी वाजते, सरू दांडी मारून रूळ परत आणते, हे ते पिकावरनं वारं जाताना बघावं तसं बघत राहायचे. घंटी झाली की आलेल्या माणसाला सांगायचे, "आता एक वळ झाली." शेतावरनं येताना लांबूनच आवाज ऐकला तर त्यांची चाल बदलायची. हे सरूला आईनं सांगितलं होतं.

वांगी, कोथिंबीर, कधी अंडी, असं काही काही लोक ठेवून जायचे. वहिनी, बाळाबाई, ती घरात नेताना म्हणायची, "वन्सं, आमची दोन पोरं रातभर रडली तरी तेवढा आवाज हुत न्हाई, जेवढा तुमचं मशीन दिवसा करतंय." ती वाईट नव्हती. पण सोपा तिचाही होता, आणि त्यातला एक कोपरा आता कायमचा गेला होता.

कळ जड होती. जाळापुढचे कडक हात घेऊन बसलं की दोन पानांत मनगटं भरून यायची. गुऱ्हाळाची राख दाराबाहेरनं उडत येऊन दांड्यांच्या मुळाशी बसायची. सरू कोंबडीच्या पिसानं ती झाडायची. आणि झाडता झाडता तिला फिका हिरवा रंग दिसायचा. संक्रांतीला ती बाळाबाईबरोबर कोल्हापूरला गेली, तेव्हा लक्ष्मीपुरीतनं मुद्दाम चालली. काचेत छोटं मशीन नव्हतं. त्या जागी एक गजर लावायचं घड्याळ होतं. कुणी नेलं असेल, कुठल्या गावी, कुणाच्या हातात ती मूठ असेल, याचा विचार करत ती बसस्टँडपर्यंत आली, आणि वहिनीनं तिळगुळाचं काहीतरी विचारलेलं तिला दोनदा ऐकूच आलं नाही.

माघात कुरुंदवाडहून दोन माणसं आली. एक तिचे चुलतसासरे, दुसरा पंचांतला कुणी. त्यांनी पायताणं बाहेर काढली, पाणी घेतलं, गूळ खाल्ला, पाऊसपाण्याचं विचारलं. मग चुलतसासऱ्यांनी खिशातनं एक घडी घातलेला कागद काढला.

"आकारामदाजी, आता हे किती दिवस लोंबकळत ठेवायचं? त्याला दुसरीपासनं पोरगा झालाय. सोडचिठ्ठी करून टाकू. मजकूर आनलाय. खाली सरूबाईची सही, दोन पंच."

आकारामांनी बराच वेळ सुपारी कातरली. "करा," ते म्हणाले. "एकदाचं तुटून जाऊ दे."

"म्हंजे कसं, टाइप केलेला बरा," पंच म्हणाला. त्याची नजर चौरंगाकडं गेली. "घरात मशीन हायच की."

झुंबरबाई आतनं दारात आली. सरूला वाटलं, आता वडील म्हणतील, ते न्हाई जमायचं, कोल्हापुरात करून आना. आकारामांनी कागद हातात घेतला, उलटा धरला, सुलटा केला आणि सवयीनं तिच्याकडं सरकवला.

"लिव," ते म्हणाले.

त्यात वाईट हेतू नव्हता. अर्ज आला की लेकीकडं द्यायचा, एवढंच त्यांना तीन महिन्यांत अंगवळणी पडलं होतं.

सरूनं कोरा कागद घातला, कार्बन घातला, दुसरा कागद घातला. मी, सरोजिनी, राजीखुशीनं, कोणाच्या दबावाशिवाय. तिनं एकही बोट चुकवलं नाही. पोटगी मागणार नाही. पुन्हा नांदण्याचा हक्क सांगणार नाही. समास सरळ, ओळी सरळ. मास्तरांनी डोळे मिटून ऐकलं असतं तर म्हणाले असते, हा तुमचा आजवरचा सर्वांत स्वच्छ कागद. घंटी वाजली तेव्हा आकारामांनी ओळ मोजली नाही. त्यांचा हात सुपारीवर थांबला होता. मजकूर काय आहे, ते त्यांच्या ध्यानात बहुधा तेव्हाच आलं.

सरूनं सही केली, कागद फुंकून दिला.

"आक्षर झकास हाय," चुलतसासरे म्हणाले, आणि उठताना त्यांनी चौरंगाच्या कोपऱ्यावर एक रुपया ठेवला. इतर लोक ठेवायचे तसाच.

तो रुपया कुणी उचलला नाही. दोन दिवस तसाच होता. मग बाळाबाईनं तो देवापुढं नेऊन ठेवला.

त्यानंतर आठ दिवसांनी मास्तरांचं कार्ड आलं. गणपतरावांचा निरोप होता: रामनवमीपर्यंत वाट पाहतो, नंतर दुसरी व्यवस्था करावी लागेल. मशीन हवंच, लहान-मोठं कसंही. सरूनं कार्ड वाचलं आणि पोलक्यात ठेवलं. लहान-मोठं कसंही. ती मशीनकडं बघत राहिली. एवढं धूड घेऊन कोण जातं? ह्येला कोन हलवतंय, असं बाप दुकानातच म्हणाला होता.

पाडव्याच्या आदल्या दिवशी घर सारवायला काढलं. बाळाबाई शेणाची पाटी घेऊन सोप्यात आली. "वन्सं, ह्ये तेवढं बाहेर घ्या की. चौरंगाखाली सारवायचं न्हवं का?"

पुरुष शेतावर होते. दोघींनी दोन बाजूंनी मशीन धरलं, पण उंबऱ्यात अडलं; दोघी एका वेळी बाहेर पडेनात. "थांबा," सरू म्हणाली. पदराची चुंबळ केली, डोक्यावर ठेवली, खाली वाकली. "द्या वर."

बाळाबाईनं जोर लावला आणि मशीन चुंबळीवर बसलं. सरू उठली. उंबरा ओलांडून अंगणात आली. आणि तिथं, अंगणाच्या मधोमध, ती थांबली.

हातात जड होतं ते. डोक्यावर नव्हतं. सातव्या वर्षापासून तिनं डोक्यावरनं काय आणलं नव्हतं? उसाच्या वाड्याचे भारे, ओल्या कडब्याच्या पेंढ्या, दोन दोन घागरी. ह्याहून जड, ह्याहून लांबून. दुकानात सगळ्यांनी ते हातांनी तोललं होतं. बापानं, हमालांनी. पुरुषांनी. तिनंही तसंच तोललं होतं, त्यांच्याच डोळ्यांनी.

"खाली घिऊ का?" बाळाबाई म्हणाली.

"थांबा जरा," सरू म्हणाली, आणि गोठ्यापर्यंत जाऊन परत आली. मान ताठ, हात सोडलेले.

बाळाबाई बघत होती. मग तिनं कंबरेवर हात ठेवला. "निगालासा म्हना की."

"उद्या गुढी उतरल्यावर. परवा सकाळच्या बसनं."

"माझ्या कानावर काय आलं न्हाई," असं म्हणून बाळाबाई सारवायला बसली.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सरूनं मशीन जुन्या धोतरात बांधलं, मोठ्या पाटीत ठेवलं. ट्रंक आदल्या दिवशीच आईनं भरून दिली होती. ती सयाजी सायकलवरनं बसथांब्यावर ठेवून आला. गाडी जुपायला मात्र तो तयार झाला नाही. "अप्पांनी सांगितल्याबिगर म्या बैल जुपनार न्हाई. तू आन ते बघून घ्या."

बाळाबाई नदीवर धुणं घेऊन गेली होती. झुंबरबाईला कमरेतून वाकता येत नव्हतं, उचलणं लांबच. अंगणात आकाराम अंबाडीचा नाडा वळत बसले होते. लेकीची सगळी तयारी त्यांच्या डोळ्यांदेखत झाली होती, आणि त्यांनी नाड्यावरनं नजर काढली नव्हती.

सरूनं चुंबळ डोक्यावर ठेवली. पाटीपाशी उकिडवी बसली.

"अप्पा," ती म्हणाली, "भाऱ्याला हात लावा."

आमच्याकडच्या शिवारात ह्या शब्दांना एक कायदा आहे. आपला भारा आपल्याला आपल्या डोक्यावर घेता येत नाही. दुसरा कुणी लागतोच. म्हणून बांधावर उभं राहून कुणी हाक दिली, तर बांधावरनं कोर्टात भांडणारा माणूससुद्धा हातातलं टाकून येतो, भाऱ्याला हात लावतो आणि न बोलता परत जातो. न्हाय म्हणत नाहीत. आकारामांनी पन्नास वर्षांत कुणालाच म्हटलं नव्हतं.

नाडा त्यांच्या हातातनं गळला. ते उठले ते विचार करून उठले नाहीत. अंग आपसूक उठलं. पाटीच्या कडा धरल्या, गुडघा लावला आणि एका दमात पाटी वर घेतली. लेकीच्या डोक्यावर ठेवली. मग त्यांच्या लक्षात आलं आपण काय केलं ते. हात तसेच कडांवर राहिले.

"रुळाची बाजू मागं फिरव," ते म्हणाले. "म्होरं जड झालं तर मान दुखंल." त्यांनी स्वतःच पाटी थोडी फिरवली, चुंबळ चाचपून पाहिली.

"जातो मी, अप्पा," सरू म्हणाली.

"तिकडं उतरवू लागाय कोन हाय?"

"हायत की मानसं."

त्यांनी हात काढले.

गावातनं जाताना वाटेवरच्या घरातली चिमणाबाई दारात दात घासत होती. "सरू, गुळाचा रवा कुठं निगाला गं एवढ्या सकाळचा?"

"शाहूवाडीला," सरू मान न वळवता म्हणाली. मान वळवता येतच नव्हती. त्यामुळं मागं बघायचं राहून गेलं.

शाहूवाडीत पाऊस मोजायचा नसतो, ऐकायचा असतो, असं गणपतराव तिला म्हणाले होते. ते पाच वर्षांनी गेले. त्यांची कचेरीसमोरची जागा, पत्र्याचं छप्पर आणि बाक, हे सगळं सरूकडं आलं. आक्का आणि ती शेवटपर्यंत एका घरात राहिल्या. लोक त्यांना मायलेकीच समजायचे. त्र्यंबकमास्तरांचा क्लास एकोणऐंशीत बंद झाला. आठातलं एक छोटं मशीन त्यांनी सरूला निरोप धाडून देऊ केलं होतं. तिनं ते दोन दिवस वापरलं आणि परत केलं. हलक्या कळेवर तिचं बोट आरपार जायचं, कागदाला भोकं पडायची.

सयाजीनं गुऱ्हाळ मोडून ऊस कारखान्याला घातला. बाळाबाईची दोन्ही पोरं शिकली, एक दूध संस्थेत लागलं. कुरुंदवाडच्या माणसाचं पुढं काय झालं, ते सरूनं विचारलं नाही आणि कुणी सांगितलं नाही. झुंबरबाई एक्क्याऐंशीच्या उन्हाळ्यात गेली. सरू दिवसांना आली, तेरा दिवस राहिली. सोप्यात चौरंग तसाच होता आणि त्यावर कुणी काही ठेवत नव्हतं. बाप-लेक समोरासमोर बसले, पण शाहूवाडीचं नाव दोघांनीही काढलं नाही. तिला वाटायचं, एकदा तरी त्यांनी विचारावं. परतीच्या बसमध्ये, आणि पुढं कितीतरी दिवस, पावसात पत्रा वाजत असताना, ती त्यांच्या तोंडून तिला ऐकायचे असलेले शब्द जुळवत राहायची, आणि ते त्यांच्या आवाजात कधीच बसायचे नाहीत.

ब्याऐंशीच्या मार्गशीर्षातली गोष्ट. सोमवार होता, कचेरीसमोर गर्दी होती. बाकाजवळ माणसं रांगेनं उभी होती आणि सरू मान खाली घालून एकेकाचं उरकत होती. पुढचा माणूस बाकावर टेकला.

"बोला पावणं," ती कागद घालत म्हणाली. "अर्जदाराचं नाव?"

"आकाराम गुंडू चौगुले."

"राहणार?"

"गडमुडशिंगी."

गडमुडशिंगीतला शेवटच्या वेलांटीचा ठसा उमटला आणि तिचे हात थांबले. तिनं मान वर केली. पटका ढिला झाला होता, गालाची हाडं वर आली होती, पायताणांवर लाल माती होती. रांगेत ते किती वेळ उभे होते, कोण जाणे.

"अप्पा, कशाचा अर्ज हाय?"

आकारामांनी दोन्ही हात काठीवर ठेवले आणि पाठ भिंतीला टेकवली, घरच्या सोप्यात टेकवायचे तशी. नजर मशीनच्या रुळावर होती.

"थांबलीस कशापाय?" ते म्हणाले. "चालू दे."